रिव्हॉल्व्हरची निवड

आमच्या घराण्यांत शस्त्र म्हणून जें कांहीं होतें तें म्हणजे आजोबांचा अडकित्ता आणि आजीची विळी. खंडेनवमीस पाटावर लाल वस्त्र घालून या दोन आयुधांस गंधफूल वाहिलें जाई. शेजारीं वडिलांची कंपासपेटी असे, आणि एका वर्षीं कोणाच्या तरी सूचनेवरून शिवणाची कात्रीहि मांडली गेली होती. तलवार आमच्याकडे कधींच नव्हती. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें ती सरकारजमा झाली असें म्हणण्याचा मोह वडीलधाऱ्यांस होई. पण ती मुळांत होती याचा पुरावा कोणाजवळच नव्हता. अशा कुळांत जन्म घेऊन आम्ही वयाच्या एकोणसाठाव्या वर्षीं, अमेरिकेच्या आयडाहो संस्थानांतील बॉयसी शहरीं, जेवणाच्या मेजावर तीन प्रचंड रिव्हॉल्व्हरें मांडून यांतलें कोणतें घ्यावें या विवंचनेंत बसलों होतों, हें वाचकांस खरें वाटणार नाहीं. आम्हांसहि त्या क्षणीं तें फारसें खरें वाटत नव्हतें.

ही गोष्ट २०२२ सालच्या नोव्हेंबरांतली. रिव्हॉल्व्हरें आमचीं नव्हतीं. आमच्या पलीकडच्या घरांत एक वृद्ध गृहस्थ राहातात. त्यांचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. आम्ही उभयतां घरांत त्यांस ‘तात्या’ म्हणतों, कारण त्यांचें खाकरणें व काठी टेकणें हुबेहूब आमच्या थोरल्या काकांसारखें आहे. हे तात्या त्या दिवशीं दुपारीं हिरव्या कांबळ्यांत गुंडाळलेलें ओझें घेऊन आले, तें त्यांनीं मेजावर उलगडलें, आणि म्हणाले (त्यांची इंग्रजी आम्ही आमच्या भाषेंत देत आहों), “यांतलें एक तुमचें. कोणतें, तें तुम्ही ठरवा. उरलेलीं दोन हिवाळाभर तुमच्याकडेच असूं द्या. मला घरांत जरा जागा करायची आहे. संध्याकाळीं येतों निवड ऐकायला.” एवढें बोलून ते गेले. चहासहि थांबले नाहींत.

कायद्याविषयीं येथें दोन शब्द सांगणें अवश्य आहे. हिंदुस्थानांत १९५९ च्या शस्त्रकायद्याखालीं परवान्यावांचून साधें पिस्तूल घरांत ठेवतां येत नाहीं, आणि त्या परवान्यासाठीं किती उंबरठे झिजवावे लागतात तें ज्यानें झिजवले त्यासच ठाऊक. आयडाहोंत एका रहिवाशानें दुसऱ्या रहिवाशास, तो कायद्यानें अपात्र नसला म्हणजे, रिव्हॉल्व्हर देणें हें शिडी उसनी देण्याइतकें सोपें आहे. आम्ही येथले नागरिक असून अपात्रतेचें एकहि कारण आमच्या पदरीं नाहीं. तेव्हां सरकारकडून अडथळा नव्हता. असला तर तो घरांतूनच येण्याचा संभव होता. पण तिकडे मागाहून वळूं.

तात्या हे एका कारखान्यांत साचे व हत्यारें घडवणारे कारागीर होते. हजारांश इंचाचा फरक त्यांच्या बोटांस समजतो. आम्ही आयुष्यभर संगणकाच्या पडद्यापुढें बसून पोट भरलेलें. आमच्या बोटांस कळफलकाखेरीज कांहींच समजत नाहीं. अशा दोन माणसांची मैत्री व्हावी हाच एक चमत्कार. ती झाली एका स्क्रूवरून. अठरा वर्षांपूर्वीं कुंपणाच्या फाटकाचा एक गंजलेला स्क्रू आम्ही भलत्याच मापाच्या पेंचकसानें पिळत असतां तात्यांस तें पाहवलें नाहीं. त्यांनीं पेंचकस आमच्या हातांतून अक्षरशः हिसकून घेतला. तेव्हांपासून त्यांनीं आमच्या बोटांस शिकवण्याचें व्रत घेतलें. आपलें एकहि हत्यार ते कोणास उसनें देत नसत, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

रिव्हॉल्व्हरची विद्याहि त्यांनींच आम्हांस दिली. वर्षांतून चार-सहा वेळां ते आम्हांस गांवाबाहेरील चांदमारीवर नेत. त्याहून कितीतरी अधिक वेळां जुन्या शस्त्रांच्या बाजारांत नेत, आणि तेथें विकत कांहींच न घेतां तास न् तास नुसतें पाहावयास लावीत. आमच्याकडे बैल घेणारा जसा रंगवलेल्या शिंगांकडे न पाहतां दांत मोजतो, तसें हें काम आहे. नवखा मनुष्य निळ्या पोलादाची चकाकी पाहून भुलतो. तात्या प्रथम स्क्रूंच्या खांचा पाहात. खांच ओरखडलेली असली कीं समजावें, कोणीतरी अडाण्यानें पोटांत हात घातला आहे. मग ते चक्र बाहेर काढून सहाहि घरें रिकामीं असल्याचें डोळ्यांनीं पाहात, आणि पाहून झाल्यावर पुन्हां करंगळीनें चांचपीत. “डोळे खोटें बोलतात,” असें ते दर वेळीं म्हणत. दर वेळीं, एकदांहि गाळलेलें आम्हांस स्मरत नाहीं.

त्यानंतरची परीक्षा आम्हांस सर्वांत आवडे. चक्र मिटून त्यावर दोन बोटें अगदीं हलकीं टेकवावयाचीं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानें घोडा अत्यंत सावकाश मागें ओढावयाचा. घोडा चढून बसण्यापूर्वीं चक्राची खीळ खांचेंत पडल्याचा बारीक टिचकीसारखा आवाज आला पाहिजे. आधीं खीळ, मग घोडा. घोडा चढला आणि खीळ अजून पडली नाहीं, तर तें घर नळीसमोर नीट आलेलें नाहीं. गोळी नळीच्या कांठावर घांसत जाणार आणि शिशाचे कण बाहेर उडणार. ही परीक्षा सहाहि घरांस एकेक करून द्यावयाची, कारण पांच चोख असून सहावें आळशी निघालेलें तात्यांनीं आम्हांस दाखवलें आहे. पुढें चक्र मागेंपुढें ढकलून त्याचा खुळखुळाट पाहावा. चक्र व नळी यांमधील फट दिव्यासमोर धरून पाहावी, ती सुमारें सहा हजारांश इंच, म्हणजे जाड कागदाएवढी, असली तर उत्तम. नळीच्या मागच्या तोंडाशीं जळकट चिरा आहेत काय तें पाहावें. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चढवलेला घोडा अंगठ्यानें ढकलला असतां पडूं नये. हें सारें निभावल्यावर मग चकाकीकडे पाहिलें तरी चालेल. तात्यांचें असेंहि मत होतें कीं मूळ पेटी व मूळ कागद यांसाठीं दुप्पट किंमत मोजणारे लोक रिव्हॉल्व्हर घेत नसून पुठ्ठा घेतात. आम्हीहि त्याच मताचे आहों.

आतां मेजावरच्या तिघांकडे येऊं. पण त्यांची कुळकथा ठाऊक असल्यावांचून निवडींतला पेंच कळणार नाहीं.

मॅग्नम हा शब्द मूळचा दारूचा; ठासण्याच्या नव्हे, पिण्याच्या. शँपेनच्या दुप्पट मापाच्या बाटलीस तें नांव आहे, आणि एकोणिसाव्या शतकांत इंग्रज बंदूकवाल्यांनीं तें अधिक जोराच्या काडतुसांस लावलें. रिव्हॉल्व्हरच्या जगांत तें १९३५ सालीं आलें. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील स्मिथ आणि वेसन या कारखान्याजवळ १९०८ पासून .४४ स्पेशल काडतुसासाठीं केलेला एक मोठा सांगाडा होता. त्यास पुढें ‘एन’ हें अक्षर मिळालें. या भक्कम सांगाड्यांत .३८ स्पेशलच्याच जाडीची गोळी ठेवून मागचा दारूचा जोर वाढवला, आणि .३५७ मॅग्नम जन्मास आलें. १५८ ग्रेनची ती गोळी सेकंदास १५०० फुटांहून अधिक वेगानें जाते, असें लांब नळीच्या भरंवशावर जाहिरातींत सांगितलें गेलें. काडतुसाचें कवच मुद्दाम सुमारें एकअष्टमांश इंच लांब केलें होतें. हेतु हा कीं जुन्या, दुबळ्या.३८ च्या चक्रांत तें शिरूंच नये. उलट .३८ चें सौम्य काडतूस .३५७ च्या चक्रांत सुखानें बसतें. गंमत अशी कीं .३८ ची गोळी खरोखर .३५७ इंचच असते आणि .४४ ची .४२९, बंदूकवाल्यांच्या आंकड्यांवर विश्वास ठेवणें म्हणजे लग्नाच्या बाजारांत सांगितलेल्या वयावर विश्वास ठेवणें होय.

या नव्या रिव्हॉल्व्हरांपैकीं पहिलें एफ. बी. आय. चे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांस देण्यांत आलें. बाकीचीं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागणीबरहुकूम घडवलीं जात. नळी साडेतीन इंचांपासून पावणेनऊ इंचांपर्यंत, पाव-पाव इंचाच्या फरकानें, हवी ती मागावी; सोबत नोंदणीपत्र; किंमत साठ डॉलर. दिवस मंदीचे होते, तरीहि मागणी एवढी आली कीं कांहीं वर्षांनीं ही नोंदणीची चैन कारखान्यास आवरती घ्यावी लागली. जनरल पॅटननें आपलें याच जातीचें रिव्हॉल्व्हर हस्तिदंती मूठ बसवून दुसऱ्या महायुद्धांत कमरेस मिरवलें. तें नोंदणीचें मॅग्नम आपल्या हातीं कधीं लागलें नाहीं ही तात्यांची जन्माची रुखरुख.

मग आला एल्मर कीथ. हा आमच्याच आयडाहोंतील सॅमन गांवचा रहिवासी. पशुपालक, शिकारी आणि हट्टी लेखक. त्याचें म्हणणें कीं मोठ्या जनावरास गोळीहि मोठीच पाहिजे. .४५ चें एक रिव्हॉल्व्हर हातांत फुटल्यावर तो .४४ स्पेशलकडे वळला, कारण त्याच्या चक्राच्या भिंती अधिक जाड राहातात. आणि त्यांत स्वतः जोरकस दारू भरून भरून तो वर्षानुवर्षें कारखानदारांच्या मागें लागला. अखेर रेमिंग्टननें काडतूस केलें, स्मिथ-वेसननें रिव्हॉल्व्हर केलें, आणि १९५५ संपून १९५६ लागतांना .४४ मॅग्नम बाजारांत आलें. १९५७ सालीं कारखान्यानें नांवांऐवजीं आंकडे दिले: .३५७ चें झालें २७ नंबर, .४४ चें २९ नंबर. पंधराएक वर्षें हें २९ नंबर शिकाऱ्यांच्या जगापुरतेंच होतें. १९७१ सालीं ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटांत क्लिंट ईस्टवुडनें तें हातांत धरलें मात्र, आणि ज्यांनीं जन्मांत हरिण पाहिलें नव्हतें तेहि दुकानापुढें रांग लावून उभे राहिले.

मेजावर पहिलें होतें पांच इंची नळीचें २७ नंबर. त्याच्या माथ्याच्या पट्टीवर, नेम धरतांना डोळ्यावर चकाकी येऊं नये म्हणून, बारीक चौकड्या कोरलेल्या असतात. पोलादाची निळाई अशी कीं तींत सोलापुरी चादरीचा रंगहि उमटावा. दुसरें साडेसहा इंची २९ नंबर, तीन पौंडांस थोडें कमी. दोन्ही जुन्या बांधणीचीं. म्हणजे नळी सांगाड्यांत आडव्या खिळीनें पक्की केलेली आणि काडतुसांचे कांठ बुडून बसावेत म्हणून चक्राच्या घरांस खळगे पाडलेले. १९८२ च्या सुमारास कारखान्यानें काटकसरीसाठीं या दोन्ही गोष्टी सोडल्या. पुढें २००१ पासून नव्या रिव्हॉल्व्हरांच्या कुशीस एक छिद्र आलें. त्यांत किल्ली फिरवली कीं यंत्र जखडतें. रसिकांस तें छिद्र म्हणजे सुंदर मुखावरील देवीचा व्रण वाटतो. तात्या तर त्यास नांवें ठेवतांना थकत नसत, आणि आम्हीहि त्यांच्याबरोबर हंसत असूं.

तिसरें रूगर कंपनीचें सुपर ब्लॅकहॉक, .४४ चेंच, साडेसात इंची. हें १९५९ सालीं निघालें. यांत दर बारास घोडा हातानें चढवावा लागतो; नुसता चाप ओढून भागत नाहीं. तात्यांजवळचें तें १९७३ पूर्वींचें. त्या वर्षीं कंपनीनें आंतलें यंत्र बदलून सुरक्षित केलें; त्यापूर्वींच्यांत पांचच घरें भरावयाचीं आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवावयाचा, नाहीं तर रिव्हॉल्व्हर खालीं पडलें असतां आपोआप उडावयाचें भय. बळकटपणांत याची बरोबरी करणारें विरळा. पण नाकीडोळीं तें नीटस नाहीं. शेतावर राबणाऱ्या गड्यासारखें आहे.

आम्ही कामास लागलों. दुपारचे तीन तास कसे गेले तें कळलें नाहीं. तिघांच्याहि अठरा घरांस आम्हीं टिचकीची परीक्षा दिली. प्रथम मन २९ कडे ओढलें, हें कबूल केलें पाहिजे. कीर्तीचा मोह कोणास सुटला आहे? पण २४० ग्रेनची गोळी सुटतांना तें रिव्हॉल्व्हर कसें उसळतें याचा आम्हांस अनुभव होता. एकदां सहा बार काढून आमचें मनगट आठवडाभर लेखणी धरीना. खुद्द तात्या त्यांत मॅग्नमऐवजीं .४४ स्पेशल घालून उडवीत आणि कोणी पाहात नाहींना हें पाहात. २७ मध्यें .३८ ची सोय, हातास गोड, दिसावयास राजस. शिवाय ज्या काडतुसासाठीं हा सांगाडा मुळांत अवाढव्य आहे तें त्यांत इतक्या निवांत बसतें कीं यंत्र दोन पिढ्या झिजूं नये. पांच वाजण्याच्या सुमारास आमचा निर्णय ठरला: २७. कारणांचें एक छोटेंसें भाषणहि मनांत जुळलें.

तेव्हां आम्हीं सौ.स हांक मारली. तिची संमति घेणें हा हेतु होताच. पण भाषण कोणास तरी आधीं ऐकवून पाहावें हाहि होता. ती हात पुसत आली, तिघांकडे तिनें एकवार पाहिलें, आणि म्हणाली, “कोणतं घ्यायचं तें मागून पाहूं. पण हें सारं ते आजच कां देताहेत?”

“घरांत जागा करायची आहे म्हणाले.”

“कुणासाठीं? त्या घरांत आतां आहे कोण?”

तात्यांच्या पत्नी ऑगस्टांत वारल्या होत्या. चोपन्न वर्षांचा संसार. मुलें नव्हतीं. आम्हीं कांहीं उत्तर दिलें नाहीं म्हणून तीच पुढें बोलूं लागली. “कुत्रा पुतणीकडे पोंचवला. गुलाबाच्या कुंड्या समोरच्यांना दिल्या. गेल्या आठवड्यांत तुम्हांला तो पेंचकसांचा संच दिला, तेव्हां तुम्ही किती खूष झालांत! जो माणूस कधीं पाना उसना देत नव्हता, अहो, तो संच देऊन टाकतो? ही जागा करणं नव्हे. ही निरवानिरव चाललीय.”

तीन तास आम्हीं पोलादाचे दोष धुंडाळले होते. खांचा पाहिल्या, फटी पाहिल्या, दिव्यापुढें धरून पाहिलें. ज्या हातांनीं तें ओझें मेजावर ठेवलें त्यांच्याकडे आम्हीं पाहिलेंच नव्हतें. या देशांत बंदुकीनें मरणाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिक स्वतःच्याच हातानें मरतात, आणि त्यांत एकट्या राहिलेल्या वृद्ध पुरुषांचा भरणा मोठा असतो, हें आम्हीं वाचलें होतें. वाचलेलें होतें, इतकेंच.

पण सौ.च्या बोलण्यांत एक गोष्ट जुळत नव्हती. निरवानिरव करणारा मनुष्य शस्त्रें घराबाहेर कां पाठवील? आपल्यापासून दूर ठेवण्यासाठींच ना? त्याला स्वतःलाच भय वाटत असलें पाहिजे. या विचारानें किंचित् धीर आला, आणि तोंच आम्हांस चौथें आठवलें.

तात्यांजवळ चौथें रिव्हॉल्व्हर होतें. तें बाजारांत कधीं मिरवलें नाहीं. तें २८ नंबर. ‘हायवे पेट्रोलमन’ या नांवानें १९५४ सालीं निघालें आणि १९८६ पर्यंत चाललें. सडकेवरील पोलिसांस २७ ची किंमत परवडेना म्हणून कारखान्यानें तोच सांगाडा, तेंच चक्र, तेंच पोटांतलें यंत्र घेऊन वरची झिलई व चौकड्या तेवढ्या गाळल्या. रंग मंद, कोळशासारखा. तात्यांचें चार इंची. नळीच्या टोकाचा रंग चामड्याच्या म्यानांत घांसून पार गेलेला. तें त्यांच्या पलंगाशेजारच्या खणांत असे, आणि तें भरलेलें असे. तीन रिव्हॉल्व्हरें त्यांनीं आमच्याकडे आणलीं होतीं. तें आणलें नव्हतें.

सहा वाजतां तात्या आले. मेजाशीं बसले. आम्हीं म्हटलें, “निवड झाली. आम्हांस २८ नंबर पाहिजे.”

ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “तें मेजावर नाहीं.”

“म्हणूनच.”

“त्याला किंमत नाहीं. रंग गेला आहे. लोक हंसतील तुम्हांला.”

यावर आम्हीं त्यांचीच विद्या त्यांस परत केली. यंत्र २७ चेंच. चकाकी शेवटीं पाहावयाची. म्यानांत घांसलेलें रिव्हॉल्व्हर बहुधा उडवलेलें कमी आणि वाहिलेलेंच अधिक असतें, म्हणून आंतून चांगलें निघतें. हें सारें तुम्हींच शिकवलेंत, असें आम्ही म्हणत होतों, आणि आमचा आवाज आमच्याच कानांस परका वाटत होता. जो प्रश्न विचारावयाचा तो जिभेवर येईना. सांगाडे, खिळी, नंबर यांच्याआड आम्ही लपत होतों. तेहि लपत होते. दोघां पुरुषांस त्या यंत्राविषयीं रात्रभर बोलतां आलें असतें.

सौ.नें त्यांच्यापुढें चहाचा पेला ठेवला आणि उभ्या उभ्याच विचारलें, “तात्या, जीव द्यावा असं मनांत येतं का तुमच्या?” ‘तात्या’ हा शब्द तिच्या तोंडून त्यांच्यासमोर प्रथमच निघाला. बाकीचें वाक्य इंग्रजींत होतें.

ते म्हणाले, “रोज. दिवे लागायच्या वेळेला.”

त्यानंतरचें फारसें सांगण्यासारखें नाहीं. आम्ही दोघे त्यांच्याबरोबर त्यांच्या घरीं गेलों. त्यांनीं खण उघडला, चक्र बाहेर काढलें, आणि सहा काडतुसें एकेक करून आमच्या तळहातावर ठेवलीं. मग संवयीप्रमाणें रिकामीं घरें डोळ्यांनीं पाहिलीं, करंगळीनें चांचपलीं, आणि रिव्हॉल्व्हर आमच्या हातांत दिलें. त्यांचे हात कांपत नव्हते. आमचे कांपत होते. त्या रात्रीं ते आमच्याकडेच राहिले. त्याच वर्षीं जुलैंत या देशांत ९८८ हा तीन आंकडी नंबर अशा प्रसंगासाठीं सुरू झाला होता; सौ.नें तो लावून दिला आणि तात्या बंद दाराआड तासभर बोलत राहिले. सोमवारीं त्यांस त्यांच्या डॉक्टरांकडे नेलें. खिचडी त्यांस आवडली नाहीं, पण त्यांनीं ती संपवली. चारहि रिव्हॉल्व्हरें आमच्या पोलादी पेटींत गेलीं. पेटीची किल्ली सौ.पाशीं, ती कोठें असते तें ती आम्हांसहि सांगत नाहीं, आणि ज्या कुलपाच्या छिद्रास आम्ही हंसत असूं त्याचें स्मरण होऊन आम्हीं तिला तें कधीं विचारलेंहि नाहीं.

हिवाळा लांबला. दिवेलागणीस तात्या आमच्याकडे येऊन बसत. कधीं बोलत, कधीं नुसतेच बसत. मार्चांत पुतणीकडून कुत्रा परत आला. उन्हाळ्यांत त्यांनीं २९ नंबर विकून टाकलें, आणि ईस्टवुडच्या पुण्याईनें आलेली किंमत पाहून स्वतःच लाजले. डॉक्टरांस विचारून पुढच्या वर्षीं २७ व ब्लॅकहॉक त्यांच्याकडे परत गेलीं. त्यांनीं त्यांसाठीं कुलपाची पेटी घेतली आणि दुसरी किल्ली पुतणीस दिली. पेंचकसांचा संच तेवढा त्यांनीं परत मागितला नाहीं, आणि आम्हींहि दिला नाहीं.

राहिलें २८ नंबर. परवां, म्हणजे गेल्या शरदांत, तात्या सहज म्हणाले, “तुम्ही तें उडवीत तर नाहीं. नुसतें पडून आहे. मीच घेऊन जाऊं का?”

आम्ही निरुत्तर झालों. निवड आमची, देणगी त्यांची. कोणत्या तोंडानें नाहीं म्हणावें? सौ. आंतून म्हणाली, “त्याचं चक्र नीट फिरत नाहीं म्हणत होते हे. दुरुस्त करून मग देऊं.”

असें आम्ही कधींच म्हटलें नव्हतें. तात्यांनीं आमच्याकडे पाहिलें. “आणा पाहूं,” ते म्हणाले.

तिनें तें काढून आणलें. त्यांनीं चक्र उघडलें, सहाहि घरें पाहिलीं, चांचपलीं. मग चक्र मिटून त्यावर दोन बोटें टेकवलीं आणि घोडा अगदीं सावकाश मागें ओढला. आधीं खीळ पडली. मग घोडा बसला. स्वच्छ. त्यांनीं तो उतरवून पुन्हां चढवला. सहाहि वेळां तीच टिचकी, घड्याळाच्या कांट्याइतकी नेमकी. मेजाच्या या बाजूस आम्हांसहि ती ऐकूं आली.

“बरोबर आहे,” तात्या म्हणाले. “सहावें घर जरा मागें राहातें. असलें काम घाईनें होत नाहीं. असूं द्या तुमच्याकडेच.”

त्यांनीं रिव्हॉल्व्हर मेजावर ठेवलें आणि तें सौ.च्या बाजूस सरकवलें.